ऊन, उधारी आणि ब्लॉकचेन



गेले दोन विकांत इथे काहीच लिहिलं नाही. पहिला हापिसातल्या रिलीजने खाल्ला (शनिवारी रात्री अडीचला प्रॉडक्शन पडलं, ती कथा पुन्हा कधीतरी) आणि दुसरा गावी गेला. आजचा लेख त्या गावच्या फेरीतूनच निघालाय.

झालं असं, की रात्री जेवणं उरकल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "हे जरा बघ रे. आफ्रिकेत सोलर बसवतात. आपण इथून पैसे भरायचे, तिथल्या शाळेच्या छपरावर आपलं पॅनेल. रोजच्या रोज दोन टक्के जमा. ब्लॉकचेनवर आहे म्हणे, त्यामुळे फसवाफसवी होऊच शकत नाही. तू कंप्युटरवाला, तूच सांग."

अण्णा एसटीतून निवृत्त झालेत. त्यांची तीन लाखांची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "पतसंस्थेत घातले ते पुरे नाही झाले वाटतं?" (त्याबद्दल पुढे सांगतो.)

मी उत्साहाने समजावायला बसलो. ब्लॉक म्हणजे काय, हॅश म्हणजे काय, शेकडो संगणकांवर एकच नोंदवही कशी असते, वगैरे. दहा मिनिटं शांतपणे ऐकून अण्णा म्हणाले, "ते हॅश नि नोड राहू दे. पैसे कुणाकडे जातात आणि परत का येतात, एवढंच सांग."

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्धा दिवस ब्लॉकचेनवर प्रेझेंटेशन देऊ शकणारा माणूस, आणि हे एवढं साधं सांगता येईना! मग आठवडाभर रात्री वाचत बसलो. त्यातून जो इतिहास हाती लागला तो असा.

मूळ दुखणं

सौरऊर्जेत इंधन फुकट असतं, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते खरंही आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या विजेचे जवळजवळ सगळे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. डिझेल जनरेटर स्वस्तात आणता येतो आणि डिझेल लागेल तसं भरता येतं. सोलरला ती सोय नाही. म्हणजे वीज स्वस्त पडणार की महाग, हे उन्हापेक्षा कर्जाचं व्याज ठरवतं.

कागदावर हिशोब करून बघा. समजा दहा लाखांचा प्रकल्प आहे आणि सगळे पैसे वीस वर्षांच्या कर्जाने उभे केले. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता येतो साधारण ७४ हजार. व्याज १४ टक्के असेल तर तोच हप्ता होतो सुमारे १ लाख ५१ हजार. पॅनेल तेच, ऊन तेच, आणि वीज दुप्पट महाग. जर्मनीत पहिला दर मिळायचा, आफ्रिकेत आणि आपल्याकडे दुसरा. ऊन मात्र नेमकं उलट वाटलेलं!

शिवाय प्रकल्प छोटा असला की बँका दारातच उभं करत नाहीत. शंभर कोटींच्या प्रकल्पाला वकील, सल्लागार, कागदपत्रं जेवढी लागतात जवळपास तेवढीच शाळेच्या छपरावरच्या पन्नास किलोवॅटलाही लागतात. मग कोण कशाला त्या फंदात पडेल?

ब्लॉकचेनच्या आधी

गंमत म्हणजे या दुखण्यावरचे पहिले चांगले उपाय ब्लॉकचेनच्या कितीतरी आधीचे आहेत, आणि त्यातला एक आपल्या शेजारच्या कर्नाटकातला. हरीश हांडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी १९९५मध्ये बंगळूरला सेल्को ही कंपनी काढली. गरीब माणसाला सोलरचा दिवा परवडत नाही, ही तेव्हाची पक्की समजूत. हांडे यांना फेरीवाल्यांकडून उमगलेली गोष्ट अशी, की महिन्याचे तीनशे रुपये त्यांना जड जातात, रोजचे दहा रुपये जड जात नाहीत. हिशोब एकच, पण कमाई रोजची असली की हप्ताही रोजचा लागतो. सेल्कोने ग्रामीण बँकांना पटवून या घरांना कर्जं मिळवून दिली. पुढे २००३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा बँक आणि सिंडिकेट बँकेबरोबर व्याजात सवलत देणारी योजना दक्षिण भारतात राबवली. हजारो घरांत त्यातून दिवे लागले.

दुसरा उपाय केनियातला. तिथे मार्च २००७मध्ये सफारीकॉमने एम-पेसा सुरू केलं. साध्या बटनांच्या फोनवरून, एसएमएससारखे पैसे पाठवायचे. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ला, म्हणजे केनिया आपल्या नऊ वर्षं पुढे होता. त्या पायावर २०१२मध्ये एम-कोपा नावाची कंपनी उभी राहिली (स्वाहिलीत 'कोपा' म्हणजे उधार घेणे). थोडी रक्कम आधी भरायची, मग वर्षभर रोज पन्नासेक शिलिंग. सोलरच्या डब्यातच एक सिमकार्ड. पैसे आले की डबा चालू, नाही आले की बंद. वर्ष संपलं की डबा तुमचा. रॉकेलवर रोजचा खर्च होतच होता, तोच हप्त्याकडे वळवला.

इथे पैसे कुणाकडे जातात आणि परत का येतात, हे लख्ख दिसतं. कुटुंबाला उजेड हवाय, उजेडासाठी ते पैसे देतं, त्या पैशातून कर्ज फिटतं. २०१५च्या अखेरीस तर बीबॉक्स कंपनीने केनियातले असे अडीचेक हजार ग्राहकांचे करार एकत्र बांधून, त्यांच्या येणाऱ्या हप्त्यांच्या भरवशावर सुमारे पाच लाख डॉलर उभे केले. पैसे देणारी होती ओइकोक्रेडिट ही डच संस्था. ब्लॉकचेनचा पत्ता नाही!

मग ब्लॉकचेन आलं कुठून?

बिटकॉइनचा मूळ निबंध ३१ ऑक्टोबर २००८चा, आणि पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९चा. सोलरशी त्याची गाठ पडली पाच वर्षांनी. जानेवारी २०१४मध्ये सोलरकॉइन नावाचं नाणं निघालं. सौरप्रकल्पाने एक मेगावॅट-तास, म्हणजे आपल्या भाषेत हजार युनिट वीज तयार केली की मालकाला एक नाणं बक्षीस. कल्पना गोड आहे, पण ते नाणं घेऊन त्याबदल्यात काही देण्याची सक्ती कुणावरच नाही. शाळेत फळा पुसला की बाई 'छान' म्हणायच्या, तसं काहीसं. प्रोत्साहन मिळतं, डबा नाही भरत. :)

त्यापेक्षा मला भावला तो २०१५चा सोवेटोतला प्रयोग. दक्षिण आफ्रिकेत विजेचे मीटर बऱ्याच ठिकाणी प्रीपेड असतात, मोबाइलच्या रिचार्जसारखे. लॉरियन गॅमरॉफ यांच्या बँकीमून या कंपनीने तिथल्या एका प्राथमिक शाळेसाठी असा मीटर दिला, ज्याला स्वतःचा बिटकॉइन पत्ता होता. जगातल्या कुणीही त्या पत्त्यावर पैसे पाठवायचे, ते थेट विजेचे युनिट होऊन शाळेत पडायचे. मध्ये संस्था नाही, मध्ये पावतीपुस्तक नाही. सोलर नव्हतं, गुंतवणूकही नव्हती, ते दान होतं. पण पैसे कुठे गेले हे विचारावंच लागू नये, ही गोष्ट पहिल्यांदा हाताला लागली.

त्याच सुमारास केपटाऊनमध्ये अब्राहम केंब्रिज या माणसाने सन एक्स्चेंज ही कंपनी सुरू केली. अण्णांच्या मोबाइलवरची योजना ज्याची नक्कल करतेय ते अस्सल रूप हेच असावं. पद्धत अशी: एखाद्या शाळेला, शेताला किंवा कारखान्याला सोलर हवंय. कंपनी त्या प्रकल्पाचे सुटे सेल विकायला काढणार. एका सेलची किंमत अवघी काही डॉलर. नागपूरचा माणूस दहा सेल घेईल, टोरांटोचा पन्नास. सगळे विकले गेले की प्रकल्प उभा राहणार आणि ते सेल वीस वर्षांच्या कराराने शाळेला भाड्याने दिले जाणार. शाळा वापरलेल्या विजेचे पैसे देणार, त्यातून विमा आणि देखभाल वजा करून भाडं सेलच्या मालकांना. रँडमध्ये घ्या नाहीतर बिटकॉइनमध्ये.

बिटकॉइन का? यालाही साधं कारण होतं. आफ्रिकेत दोनशे डॉलर पाठवायचे तर सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास खर्च येतो, असं जागतिक बँकेची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगत आलीय. इथे तर दहा सेलच्या मालकाला महिन्याला काही सेंट पाठवायचेत, तेही डझनावारी देशांत. बँकेने ते पाठवायचं म्हटलं तर भाड्यापेक्षा फी मोठी. तेव्हा ब्लॉकचेन आलं ते सीमेपलीकडे चिल्लर पाठवायला. एवढंच त्याचं खरं काम होतं, आणि ते खोटं नव्हतं.

पण काळाचा विनोद बघा. डिसेंबर २०१७मध्ये बिटकॉइन वीस हजार डॉलरजवळ पोचलं, सगळं जग त्यावर तुटून पडलं आणि एका व्यवहाराची सरासरी फी काही दिवस पन्नास डॉलरच्या वर गेली. चिल्लर पाठवायला आणलेली गाडी, आणि तिचंच तिकीट पन्नास डॉलर!

टोकनांचा पाऊस

२०१७-१८ हे वर्ष आमच्या पिढीच्या इंजिनियरांना विसरणं अवघड आहे. मी तेव्हा कॉलेजात होतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या पॉवर लेजरने २०१७मध्ये टोकन विकून ३ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर उभे केले. लिथुआनियाच्या वीपॉवरने फेब्रुवारी २०१८मध्ये ४ कोटी डॉलर. या गंभीर कंपन्या होत्या, त्यांनी खरे प्रयोगही केले. पण यातलं कुठलंही टोकन म्हणजे एखाद्या पॅनेलची मालकी नव्हती. ते त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरायचा पास होता. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना (माझ्यासकट) हा फरक कळला नव्हता, किंवा कळून घ्यायचा नव्हता. मी खानावळीचे चार हजार रुपये अशाच एका 'हरित' टोकनात घातले होते. त्याचं नाव सांगत नाही, कारण आता ते नाव घेणारंही कुणी उरलेलं नाही. २०१८ संपता संपता बिटकॉइनच सव्वातीन हजार डॉलरच्या आसपास आलं, तिथे माझ्या टोकनाची काय कथा? तीन महिने मित्राच्या डब्यात जेवलो. अण्णांना हे आजतागायत माहीत नाही. (आता कळेल.)

वही खरं बोलते, पण कशाबद्दल?

आता मुद्द्यावर येतो. ब्लॉकचेन नेमकं काय करतं? एकदा लिहिलेली नोंद मागाहून कुणाला गुपचूप खोडता येत नाही. बस. ही मोठीच गोष्ट आहे. पण ती नोंद लिहिताना खरी होती का, हे ब्लॉकचेनला कळायचा मार्गच नाही. आमच्या धंद्यातली जुनी म्हण आहे, कचरा आत घाला, कचरा बाहेर येईल. ब्लॉकचेनमध्ये तो कचरा कायमचा टिकतो, एवढाच फरक.

छपरावर पॅनेल आहे की नाही, त्यावर धूळ साचलीय का, इन्व्हर्टर जळलाय का, शाळेने बिल भरलं का, यातलं काहीही साखळीला दिसत नाही. दिसतो तो कुणीतरी पाठवलेला आकडा.

पतसंस्थेचं म्हणालो होतो, ते इथे सांगतो. मी सातवीत असताना अण्णांची ठेव ज्या पतसंस्थेत अडकली, तिच्या लेखापरीक्षणाच्या वेळी अण्णा सभासद म्हणून हजर होते. ते अजूनही सांगतात की किर्द आणि खतावणी पैशाला पैसा जुळत होती. एक खाडाखोड नाही. चूक वहीत नव्हतीच. कर्जं ज्यांना दिली ते फेडणारे नव्हते, आणि हे वहीत लिहायला रकानाच नव्हता. मी हे आठवून दिलं तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प बसले. माझ्या हॅश आणि नोडपेक्षा ते त्यांना आधी समजलं होतं, फक्त दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नव्हत्या.

इतिहासात याची उदाहरणं आहेत. मोबिसोल ही जर्मन कंपनी टांझानिया, रवांडा, केनियात हप्त्यांवर सोलर विकायची. मीटर, सॉफ्टवेअर, मोबाइलचे पैसे सगळं उत्तम. एप्रिल २०१९मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर फ्रान्सच्या एंजीने ती विकत घेतली. तंत्र पडलं नव्हतं, धंद्याचं गणित बसलं नव्हतं.

आणि चलन! दक्षिण आफ्रिकेचा रँड २०१४च्या सुरुवातीला डॉलरला साधारण अकरा होता. २०२३च्या मध्यावर तो अठरा-एकोणीसवर गेला. भाडं रँडमध्ये ठरलेलं असेल, तर शाळेने एकही बिल न चुकवता डॉलरवाल्या गुंतवणूकदाराचा दीड-पावणेदोन रुपयाचा रुपया झाला. याला कुठलं ब्लॉकचेन काय करणार?

उलट जिथे गणित बसलं तिथे गरज खरी होती. झिम्बाब्वेत मारोंडेराजवळ निम्बे फ्रेश नावाची शेतमाल निर्यात करणारी कंपनी आहे. वीज गेली की शीतगृहातला माल गेला. तिच्यासाठी सन एक्स्चेंजने २०२१मध्ये जगभरच्या छोट्या गुंतवणूकदारांकडून सुमारे १४ लाख डॉलर जमवले. पहिला टप्पा ५१० किलोवॅट सोलर आणि सोबत बॅटरी. कुणाला वीज हवीय आणि तो का पैसे देईल, हे इथे एका वाक्यात सांगता येतं.

शेवटी बदललं कशाने?

आठवडाभर वाचून मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं. दक्षिण आफ्रिकेत २०२३मध्ये तीनशेहून जास्त दिवस भारनियमन झालं. लोकांनी छपरं सोलरने भरून टाकली. त्यामागे एक मोठं कारण कायद्याचं होतं: विनापरवाना खाजगी वीजनिर्मितीची मर्यादा २०२१मध्ये १ मेगावॅटवरून १०० मेगावॅट केली आणि २०२३च्या जानेवारीत ती अटच काढून टाकली. दुसरं कारण किमतीचं. २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनेलच्या किमती जवळपास नव्वद टक्क्यांनी उतरल्या. पाकिस्तानने २०२४ या एका वर्षात चीनहून सुमारे १७ गिगावॅटची पॅनेलं आणली. लोकांनी स्वतःच्या खिशातून घेतली आणि स्वतःच्याच छपरावर टाकली. टोकन नाही, श्वेतपत्रिका नाही.

म्हणून ब्लॉकचेन फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. लखनौत २०२०च्या अखेरीस त्याच पॉवर लेजरने उत्तर प्रदेशच्या वीज कंपनीसोबत, एका घराच्या छपरावरची जास्तीची वीज शेजाऱ्याला विकायचा प्रयोग केला. तिथे मीटर सरकारी होता, घरं समोर दिसत होती, आणि ब्लॉकचेन फक्त हिशोब ठेवत होतं. कारकुनाचं काम कारकुनाला दिलं की तो ते चोख करतो. त्याला जामीनदार केलं की गोंधळ.

अण्णांसाठी

तर परत त्या योजनेकडे. 'रोज दोन टक्के'चा हिशोब मी फोनवर अण्णांना सांगितला. एक किलोवॅट सोलर बसवायला आपल्याकडे साधारण पन्नास-साठ हजार लागतात. पन्नासच धरू. दोन टक्के म्हणजे रोजचे हजार रुपये. आणि एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला चार ते पाच युनिट वीज देतो. म्हणजे ती शाळा दोनशे ते अडीचशे रुपये युनिटने वीज घेतेय! आपण आठ-दहा रुपयांनाच बोंब मारतो.

पलीकडे शांतता. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे पैसे विजेतून येतच नाहीत."

"नाही. तुमच्यानंतर भरणाऱ्याच्या पैशातून येतात."

"पाच हजार भरलेत मी. नमुन्यादाखल. दोन दिवस शंभर-शंभर आले, म्हणून तुला विचारलं."

मी काही बोललो नाही. चार हजारांचं टोकन आठवत होतं.

"माझे पाच गेले असं समज," अण्णा म्हणाले. "पण ज्येष्ठ नागरिक संघातल्या तिघांनी लाख-लाख भरलेत. आणखी आठ-दहा जण भरणार आहेत. त्यांना माझं ऐकायचं नाहीये, त्यांना रोज पैसे येताना दिसतायत. तू हे सगळं नीट मराठीत लिहून दे. मोठ्या अक्षरात."

म्हणून हा लेख. त्यांच्यासाठी खाली चार प्रश्न लिहितोय, कुठल्याही अशा योजनेला विचारायचे. छापून भिंतीला लावले तरी चालतील.

१. वीज कोण वापरतंय? त्या शाळेचं किंवा शेताचं नाव, गाव सांगा, मी फोन करून विचारतो.
२. तो युनिटला किती देतो, आणि त्या दरात मला कबूल केलेले पैसे निघतात का?
३. पॅनेल बंद पडलं किंवा त्याने बिल थकवलं, तर नुकसान कुणाचं? कुठल्या देशाच्या कोर्टात दाद मागायची?
४. मूळ रक्कम आज परत हवी असेल तर कशी मिळेल? (हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो का, तेवढं नीट ऐका.)

'ब्लॉकचेन आहे' हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

आणि सोलरमध्ये पैसे घालायचेच असतील तर अण्णांचं स्वतःचं छप्पर रिकामं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान ठरवलंय. पॅनेल जिन्यावरून चढून हाताने पुसता येईल, आणि मीटर उलटा फिरतोय का हे आईला अंगणातून दिसेल. याहून पारदर्शक नोंदवही मला तरी माहीत नाही.

येत्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने गावी जातोय. शनिवारी सकाळी संघाची बैठक असते. पंधरा प्रती काढल्यात, अठराच्या फाँटमध्ये. ज्यांनी लाख भरलेत ते माझ्यावर चिडणार हे नक्की. पण जे भरणार आहेत त्यातले दोघे जरी थांबले, तरी गाडीभाडं वसूल.

तूर्तास इतकेच.